‘डूला’ला मराठीत काय म्हणावं?

मुक्ता, अटलांटा: आमच्या मंडळाच्या एप्रिलच्या अंकासाठी टिपण लिहितेय. इथे ११ ते १७ एप्रिल हा ‘ब्लॅक मॅटर्नल हेल्थ वीक’, म्हणजे काळ्या आयांच्या आरोग्याचा सप्ताह असतो. ‘ब्लॅक मामाज मॅटर अलायन्स’ ही अटलांटाचीच संघटना २०१८ पासून तो पाळते. कारण असं, की २०२३ मध्ये अमेरिकेत एक लाख जिवंत जन्मांमागे गोऱ्या आयांचे मृत्यू १४.५, काळ्या आयांचे ५०.३. अडलंय ते तीन शब्दांपाशी: डूला (बाळंतपणात सोबत राहून धीर देणारी बाई), इक्विटी (ज्याला जेवढी गरज तेवढं देणं) आणि ॲडव्होकसी (हक्कांसाठी आवाज उठवणं). डूलाला तूर्त ‘प्रसूतिसेविका’ लिहिलंय. चालेल ना?

कोशकाका: मुक्ताताई, ‘सेविका’ तेवढं नको. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थच दासी. १९७० च्या दशकात डाना राफेल या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी तो आजच्या अर्थाने रुळवला. ज्यांच्या पणज्या-खापरपणज्या खरोखर गुलामीत होत्या, त्यांच्यातल्या काहींना तो म्हणूनच खुपतो. त्या स्वतःला ‘बर्थ वर्कर’ म्हणवतात. तिथे आपण पुन्हा सेविका आणायची?

रानजाई: मग सरळ सुईण म्हणा की.

कोशकाका: सुईण बाळंतपण करते. डूला नाळ कापत नाही, तपासत नाही. ती पाठ चोळते, धीर देते, बाईला काय हवंय ते डॉक्टरला विचारायला लावते. सुईण म्हणायचं तर अमेरिकेच्या दक्षिणेतल्या ‘ग्रॅनी मिडवाइफ’ना म्हणा. त्या काळ्या आज्यांनी काळ्यांची आणि गोऱ्यांचीही बाळं झेलली. ‘झेलली’ हा त्यांचाच शब्द बरं का. पुढे परवान्यांचे नियम आवळत गेले. अलाबामात तर १९७६ च्या कायद्याने त्यांचं कामच बंद झालं.

रानजाई: आमच्याकडे आशाताई बाईबरोबर दवाखान्यात जाते, तसं काही?

मुक्ता, अटलांटा: सोबत जाण्यापुरतं तसंच. पण आशाताई सरकारी योजनेतली. डूला बाईने स्वतः निवडलेली असते.

रानजाई: मग पाठराखीण!

कोशकाका: ती नवरीबरोबर सासरी जाते हो.

रानजाई: तेच म्हणतेय, काका. परक्या घरात, जिथे आपलं कुणी ऐकेल याची खात्री नाही, तिथे सोबत जाणारी. सेरेना विल्यम्सचं आठवा. २०१७ मध्ये सिझेरियननंतर श्वास लागला. आधी गुठळ्यांचा त्रास होऊन गेलेला, म्हणून तिने स्वतःच स्कॅन आणि रक्त पातळ करायचं औषध मागितलं. नर्सला वाटलं, वेदनाशामकांमुळे बाई गोंधळलीय. स्कॅन झाला तेव्हा फुप्फुसात गुठळ्या निघाल्या. जगज्जेतीची ही गत, तर बाकीच्यांचं काय!

मुक्ता, अटलांटा: पाठराखीण फारच आवडला. मग ॲडव्होकसीला ‘पाठराखण’ घेते, एकाच कुळातला.

कोशकाका: तिथे फसाल. वर्तमानपत्रांनी तो शब्द नासवलाय. ‘आरोपीची पाठराखण’ वाचून वाचून त्याला वास लागलाय. ‘कैवार’ही नको, तो दुसऱ्याने घ्यायचा असतो. इथे बाया आपलं आपण बोलतायत. ‘रिप्रॉडक्टिव्ह जस्टिस’, म्हणजे प्रजननविषयक न्याय, हा शब्दप्रयोगसुद्धा १९९४ मध्ये शिकागोत जमलेल्या काळ्या स्त्रियांनीच घडवला. साधा ‘पाठपुरावा’ लिहा.

इक्विटीला मात्र आपल्याकडे तयार शब्द आहे: समन्याय. ‘समन्यायी पाणीवाटप’ शेतकऱ्यालाही कळतं. पाणी पंचायतीत पाण्याचा वाटा जमिनीवर नाही, घरातल्या माणसांवर ठरायचा, भूमिहीनालाही हक्क. ‘समता’ लिहिलंत तर सगळ्यांना सारखी खाट दिली की काम झालं, असं वाटेल.

मुक्ता, अटलांटा: ठरलं. ‘प्रसूतिसेविका’ खोडलं. पहिल्यांदा ‘डूला, म्हणजे बाळंतिणीची पाठराखीण’, पुढे नुसतं पाठराखीण. आता मथळा. ‘काळ्या’ की ‘कृष्णवर्णीय’? संपादक म्हणतात, काळ्या उद्धट वाटतं.

रानजाई: त्या स्वतःला ब्लॅकच म्हणतात ना? काळ्या लिही. कृष्णवर्णीय ऐकलं की मला पंढरपूरच आठवतं.