फिट्स आणि खांद्याचं दुखणं दोन्ही आहे, न्यूरोफीडबॅक कुणी केलंय का? भावासाठी मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. न्यूरोफीडबॅक म्हणजे मेंदूच्या लहरी स्क्रीनवर बघत त्या बदलायला शिकायचं ट्रेनिंग. जरा लांबलचक होणारे, पण सगळं सांगितल्याशिवाय माझा प्रश्न कळायचा नाही.

माझा धाकटा भाऊ, वय २९, आम्ही नाशिकला असतो. दहावीपासून त्याला फिट्स येतात. डाव्या टेम्पोरल लोबमधून (कानाजवळचा मेंदूचा भाग) सुरू होतात असं ईईजीत, म्हणजे मेंदूच्या लहरींच्या तपासणीत, आलंय. आधी पोटातून काहीतरी वर चढत येतं, तो दाराची चौकट घट्ट धरतो आणि "ताई, येतेय" एवढंच म्हणतो. मग नजर थिजते, ओठ चाटत राहतो, डाव्या हाताने शर्टाचं एकच बटण चाचपत राहतो, दीडेक मिनिटाने भानावर येतो पण मधलं काही आठवत नाही. महिन्यातून ५-६ वेळा तरी होतं, आई कालनिर्णयच्या चौकोनात लाल पेनाने टिंब देते. कार्बामाझेपिन, लेव्हेटिरासेटम आणि रात्री क्लोबाझाम चालू आहे, एकही डोस चुकत नाही.

गेल्या गणपतीत मोठी फिट आली आणि त्यात उजवा खांदा मागच्या बाजूला निखळला. जिथे नेलं तिथे समोरून एक एक्सरे काढला आणि मुका मार आहे म्हणून घरी पाठवलं, पोरगं ८ दिवस तसंच कण्हत होतं. नंतर दुसऱ्या डॉक्टरांनी बाजूने एक्सरे काढला तेव्हा कळलं. (फिटमध्ये खांदा असा मागे निखळू शकतो, आणि समोरच्या एक्सरेत ते सुटतं, हे कृपया सगळ्यांनी लक्षात ठेवा.) आता खांदा जागेवर आहे, फिजिओ झाली, पण दुखणं काही जात नाही.

आणि मला सगळ्यात जास्त लागतं ते हे की त्याचं लक्ष कायम आतच असतं. अर्धं खांद्यावर, अर्धं पोटावर, आता काही वर चढतंय का, आता कळ येतेय का. जेवताना घास हातात तसाच राहतो. भाचीने काढलेलं चित्र दाखवलं तर हो हो म्हणतो पण बघत नाही.

म्हणून मी लक्षाच्या ट्रेनिंगबद्दल वाचायला लागले. अमेरिकेत लेस फेमी नावाचे मानसशास्त्रज्ञ होते, त्यांचं म्हणणं असं की आपण दुखण्याला लक्षाने आवळून धरतो. ते लक्ष सैल करायचं, म्हणजे दुखणाऱ्या जागेबरोबरच खोलीतले आवाज, दोन डोळ्यांमधलं अंतर, आजूबाजूची मोकळी जागा, सगळं एकदम जाणवू द्यायचं. आम्ही हे करून बघितलं आणि खरंच सांगते, पंधरा मिनिटांनी तो म्हणाला कळ आहे पण लांब गेल्यासारखी वाटतेय. मला रडूच आलं.

पण तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आडवं पडून तेच करताना त्याला डुलकी लागत होती आणि तेवढ्यात फिट आली. आता दुखण्यासाठी सैल सोडावं तर फिटची भीती, आणि सावध राहावं तर खांदा आवळतो. माझा प्रश्न इथेच अडलाय.

न्यूरोफीडबॅकचं वाचलं तेव्हा थोडी वाट दिसल्यासारखी झाली. कॅलिफोर्नियातले मेंदूचे संशोधक बॅरी स्टरमन १९६० च्या दशकात मांजरांवर काम करत होते. मांजर अगदी स्थिर पण जागं असताना मेंदूच्या हालचाल सांभाळणाऱ्या पट्ट्यावर १२ ते १५ हर्ट्झची एक लय दिसते, ती आली की खाऊ द्यायचा, असं करून त्यांनी मांजरांना ती लय वाढवायला शिकवली. नंतर रॉकेटच्या इंधनातल्या एका विषारी रसायनाची चाचणी झाली तेव्हा या शिकलेल्या मांजरांना झटके उशिरा आले. मग १९७२ मध्ये फिट्स येणाऱ्या २३ वर्षांच्या एका मुलीवर त्यांनी हेच केल्याचं छापून आलं. अंग गप्प आणि मन जागं, आमच्या अंगणातली मांजर चिमणीवर टपून बसते ना अगदी तसं. माझ्या भावाला हेच हवंय असं मला वाटतं.

अडचण अशी की एका सेंटरमध्ये विचारलं तर त्यांनी ४० सेशनचं पॅकेज सांगितलं आणि वर म्हणाले २० सेशननंतर गोळ्या कमी करत जाऊ. तिथेच माझं मन कचरलं. कुणी फिट्ससाठी केलंय का? फरक पडला का? काय विचारून घ्यावं? आणि दुखण्यासाठी घरी काय करता येईल?

प्रतिसाद १
ताई, आधी गोळ्यांचं. ज्यांनी लिहून दिल्या त्या न्यूरोलॉजिस्टशिवाय कुणीही कमी करायच्या नाहीत, अचानक बंद केल्या तर फिट थांबतच नाही अशी वेळ येऊ शकते. माझ्या मुलीने केलंय न्यूरोफीडबॅक. डोक्याला पेस्ट लावून सेन्सर चिकटवतात, समोर स्क्रीनवर विमान असतं, ती लय आली की उडतं नाहीतर खाली येतं. दर वेळी केस धुवायला अर्धी बाटली शॅम्पू लागायचा. आठवड्यातून दोनदा, ३४ सेशन झाली. फिट्स महिन्याला ८ वरून ४-५ वर आल्या, पण त्याच काळात तिचा डोसही बदलला होता त्यामुळे कशाने कमी झाल्या हे मी छातीठोक सांगू शकत नाही. एक मात्र झालं, ती घाबरायची कमी झाली.

प्रतिसाद २
२००९ मध्ये १० अभ्यास एकत्र करून बघितले होते, ८७ पेशंटपैकी ६४ जणांच्या फिट्स कमी झाल्या. आकडा चांगला आहे पण पेशंट थोडे, बऱ्याच ठिकाणी तुलनेला गटच नव्हता, आणि कमी होणं म्हणजे थांबणं नव्हे. अजून एक प्रकार बघा, बोटांना सेन्सर लावून घामाचं प्रमाण मोजतात. लंडनमध्ये योको नागाई या संशोधिकेने २००४ मध्ये १८ जणांवर केलं, त्यातल्या १० जणांना खरं ट्रेनिंग आणि बाकीच्यांना नुसतं दाखवण्यापुरतं. त्या १० पैकी ६ जणांच्या फिट्स निम्म्याहून कमी झाल्या. यात शांत व्हायला नाही, उलट सावध व्हायला शिकवतात! तुमच्या भावाला डुलकीत फिट आली म्हणून सांगतोय.

आणि एमआरआयमध्ये हिप्पोकॅम्पसवर (टेम्पोरल लोबमधला आठवणींचा भाग) व्रण आहे का ते विचारा. दोन योग्य औषधं पुरेशा डोसमध्ये देऊनही फिट्स चालू असतील तर ऑपरेशनसाठी तपासणी करायलाच हवी. २००१ मध्ये कॅनडात टेम्पोरल लोबच्या ८० पेशंटवर अभ्यास झाला, एका वर्षानंतर ऑपरेशनच्या गटातल्या ५८ टक्के लोकांना भान हरपणारी फिट आली नव्हती, नुसत्या औषधांवर ८ टक्के. त्रिवेंद्रमच्या श्री चित्रा संस्थेत हे काम वर्षानुवर्षं चालतं. हे राहून ४० सेशनमध्ये वर्ष जायला नको.

प्रतिसाद ३
मला स्वतःला फिट्स येतात. मी लक्षाचा व्यायाम सकाळी करतो, झोप पूर्ण झालेली असताना, खुर्चीत ताठ बसून, डोळे उघडे ठेवून. आडवं कधीच नाही. १० मिनिटं बास. आणि पोटात सुरू झालं की मी आत बघत नाही, समोरच्या वस्तूंची नावं मोठ्याने घेतो, पंखा, खिडकी, बादली. दर वेळी थांबत नाही, पण काही वेळा परतते.

धागाकर्ती
सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री जुनी फाईल काढली, एमआरआयच्या रिपोर्टमध्ये डाव्या हिप्पोकॅम्पसबद्दल एक ओळ आहे, ती आम्हाला कुणी समजावूनच सांगितली नव्हती. आता आधी न्यूरोलॉजिस्टकडे व्हिडिओ ईईजी (फिटचं चित्रण करत केलेला ईईजी) आणि ऑपरेशनचं विचारणार, पॅकेजचे पैसे तोवर भरत नाही. आज सकाळी तो खुर्चीत बसून, डोळे उघडे ठेवून १० मिनिटं बसला. खांदा दुखतोय म्हणाला, पण चहा गार होऊ दिला नाही.

त्रिवेंद्रमला तपासणीसाठी जाऊन आलेलं कुणी असेल तर किती दिवस राहावं लागतं, जेवणाराहण्याची सोय कशी होते आणि व्हिडिओ ईईजीच्या वेळी सोबत बसू देतात का, एवढं कृपया सांगा. आईला एकटं ठेवून जायचं म्हणजे तारखा आधी ठरवायला लागतील.