प्रतिसाद: माफीची अट नसते

पुनर्स्थापक न्यायात (रिस्टोरेटिव्ह जस्टिस) पीडित आणि गुन्हेगार मध्यस्थाच्या मदतीने एकमेकांशी बोलतात. त्यावर 'पीडिताला गुन्हेगारासमोर बसवणं म्हणजे पीडिताला माफ करायला भाग पाडणं' हा जो आक्षेप इथे घेतला गेला, तो अर्धाच पटतो. अशी जबरदस्ती होऊ शकते, नाही असं नाही. पण ती पद्धत नव्हे, पद्धतीचा बट्ट्याबोळ झाला. नीट चालवलेल्या संवादात पीडिताने माफ करावं अशी अटच नसते. मध्यस्थ आधी दोघांना वेगवेगळं भेटतो, गंभीर गुन्ह्यात ही तयारी महिनोन्‌महिने चालते, आणि पीडित कोणत्याही क्षणी उठून जाऊ शकतो. समोर बसायचं नसेल तर पत्रं किंवा मध्यस्थामार्फत निरोपही चालतात.

या पद्धतीचं सुरुवातीचं उदाहरण असलेल्या एल्मायराचा उल्लेख या चर्चेत अजून आला नाही, म्हणून सांगतो. १९७४ साली कॅनडातल्या या गावात दोन तरुणांनी दारूच्या नशेत एका रात्रीत २२ ठिकाणी तोडफोड केली. न्यायाधीशांनी त्यांना प्रोबेशन अधिकाऱ्यासोबत (तुरुंगाबाहेर ठेवलेल्या गुन्हेगारांवर देखरेख करणारा अधिकारी) नुकसान झालेल्या लोकांच्या दारोदार पाठवलं. तिथे गुन्हा कबूल करायचा, किती नुकसान झालं ते ऐकायचं आणि नंतर भरपाई द्यायची. (मला तर दार ठोठावून वाट बघण्याचे ते काही क्षणच तुरुंगापेक्षा जड वाटतात.) म्हणजे मुळात प्रश्न भरपाईचा होता. कोणी माफ केलं असेल, तर ती त्याची मर्जी.