साथीत छातीत दुखलं तर आधी स्वॅब की आधी ईसीजी?

लालबागकर
एप्रिल २०२०. काकांच्या छातीवर रात्री दाब आला, दरदरून घाम, डावा हात जड. जोडीला अंगात कणकण होती, तेवढी पुरली. रुग्णालयाच्या दारातच सांगितलं, कोविडचा रिपोर्ट आणा, मग बघू. रिपोर्टला तेव्हा एक-दोन दिवस सहज जायचे. दुसरीकडे ईसीजी निघेपर्यंत उजाडलं होतं. आज काकांचं पंपिंग ३० टक्के.

माझं म्हणणं सरळ आहे. ईसीजीला पाच-दहा मिनिटं लागतात. किट घालून काढा, पण आधी काढा. स्वॅबमधून विषाणू कळतो, धमनी तुंबली की नाही ते कळत नाही. पुढची साथ येईल तेव्हा हा क्रम लेखी ठरलेला हवा.

रात्रपाळी
लालबागकर, तुमचा राग रास्त आहे, पण मी तेव्हा कॅज्युअल्टीत होतो. स्टाफ पॉझिटिव्ह निघाला म्हणून त्याच महिन्यात मुंबईतली मोठी खाजगी रुग्णालयं सील झाली. एक कॅथलॅब, म्हणजे अँजिओग्राफी-अँजिओप्लास्टी होते ती खोली, बंद पडली की मागचे सगळे हार्ट अटॅक रस्त्यावर. दारावरची चाळणी निव्वळ भित्रेपणाची नव्हती.

शिवाय ईसीजीने सगळं उलगडतं हा गोड गैरसमज. हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात ट्रोपोनिन वाढतं, पण कोविडमध्ये ते धमनी मोकळी असूनही वाढतं. इटलीतल्या लोम्बार्डीत कोविड आणि एसटी एलिव्हेशन (ईसीजीतली मोठ्या अटॅकची खूण) असलेल्या २८ रुग्णांपैकी सुमारे ४० टक्क्यांच्या अँजिओत अटॅकला कारण ठरेल असा ब्लॉक सापडलाच नाही. स्नायूला सूज, फुफ्फुसातली गुठळी, खरा अटॅक, तिन्हींची तक्रार एकच: दम लागतोय, छाती भरून आलीय.

लालबागकर
म्हणजे उरलेल्या ६० टक्क्यांत ब्लॉक होता! त्यांनी स्वॅबच्या रांगेत थांबायचं? सुरुवातीला तर कॅथलॅबऐवजी गुठळी विरघळवणारं इंजेक्शन द्या, असा सल्ला तज्ज्ञांनीच दिला होता. त्याला कॅथलॅब लागत नाही, पण ईसीजीची पट्टी लागतेच.

रात्रपाळी
आणि गुठळीच नसेल तर? सुजलेल्या हृदयाला ते इंजेक्शन दिलं तर फायदा शून्य, मेंदूत रक्तस्रावाचा धोका मात्र पुरेपूर. म्हणून पट्टीसोबत कॉटशेजारी एको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, बघायचा. भिंतीचा एखादाच भाग हलत नसेल तर ब्लॉकचा संशय, सगळंच मरगळलेलं असेल तर सुजेचा. तोही नेहमी खरा ठरत नाही. हे बघायला माणूस रुग्णाच्या तोंडाजवळ वाकतो, हे विसरू नका.

ठाकुरद्वारची मावशी
तुम्ही दोघं दारावर भांडताय, आमच्या चाळीत कुणी दारापर्यंत गेलंच नाही. लोकल बंद, टॅक्सी नाही, आणि गेलो तर उचलून क्वारंटाइनला टाकतील ही धास्ती. समोरच्या आजोबांना दोन दिवस ओवा आणि सोडा दिला, "गॅसेस आहेत" म्हणून. हृदयरोगतज्ज्ञांच्या देशव्यापी पाहणीत त्या काळात अटॅकने दाखल होणारे साधारण एक तृतीयांशाने घटलेले दिसले. अटॅक काय लॉकडाऊन बघून थांबतात? लोम्बार्डीचंच काढलंत म्हणून सांगते, तिथे पहिल्या ४० दिवसांत रुग्णालयाबाहेर हृदय बंद पडण्याचं प्रमाण आदल्या वर्षीपेक्षा ५८ टक्क्यांनी वाढलं होतं.

बारीक शंका
मावशींना अनुमोदन. दुसऱ्या लाटेत तर सोसायटीच्या ग्रुपवर सिटी स्कोर (स्कॅनमध्ये फुफ्फुसं किती बाधित दिसतात त्याचा आकडा) असे टाकत होते जणू दहावीचे मार्क. ईसीजी काढला का, एकानेही विचारलं नाही. (आणि हायड्रॉक्सीक्लोरोक्वीन घेणाऱ्यांना तर तो हवाच होता, त्या गोळीने ईसीजीतलं क्यूटी नावाचं अंतर लांबतं, ठोक्यांची लय बिघडू शकते.)

लालबागकर
मावशी, लोक आले नाहीत कारण दारावर काय होतं ते ऐकून होते. माझा मुद्दा तोच.

रात्रपाळी
अर्धं मान्य. छातीत दुखणाऱ्याला पॉझिटिव्ह समजूनच वेगळ्या खोलीत घ्यायचं, हे आम्ही पुढे केलं. पण आमच्याकडे रात्री टेक्निशियन दोन, त्यातला एक क्वारंटाइन. पट्टी कोण काढणार होतं?

लालबागकर
सिस्टर. छातीवरच्या सहा आणि हातापायांच्या चार वायरी, शिकवायला कितीसा वेळ लागतो?

रात्रपाळी
शिकवलं होतं. दुहेरी हातमोजे, वाफेने धुरकट झालेला गॉगल, त्यात हातांच्या वायरींची अदलाबदल झाली की पट्टी भलतंच दाखवते. तशा आल्या की परत काढायला लावायचो. तेवढा वेळ तुमच्या पाच-दहा मिनिटांत धरा.