इटालियन स्पार्कलिंग वाइनच्या तुलनेसाठी मदत हवी आहे

नमस्कार. इटलीतील स्पार्कलिंग वाइन शेजारी शेजारी ठेवून चाखण्याचा आम्हा मित्रमंडळींचा बेत असून, त्यासाठी जाणकारांचा सल्ला हवा आहे.

प्रोसेको आणि फ्रांचाकोर्ता या दोन स्पार्कलिंग वाइनना एकाच मापाने मोजणे मला योग्य वाटत नाही. प्रोसेकोचे दुसरे किण्वन (ज्यातून बुडबुडे येतात) सहसा बंद टाकीत होते, त्यामुळे ग्लेरा द्राक्षाचा हिरव्या सफरचंदासारखा, नासपतीसारखा ताजा गंध टिकून राहतो. फ्रांचाकोर्ताचे हे दुसरे किण्वन मात्र बाटलीतच होते आणि ती वाइन किमान 18 महिने यीस्टच्या गाळावर राहत असल्याने तिला भाजलेल्या पावाचा आणि बदामाचा वास येतो. मग प्रोसेको वेगळी ठेवून फ्रांचाकोर्ताची तुलना त्याच पद्धतीने होणाऱ्या, उत्तर इटलीतील त्रेंतोच्या वाइनशी करावी का? माझा कल तिकडेच आहे.

दुसरी अडचण साखरेची. बाटलीवर गोडी सांगणारे शब्द असतात: 'ब्रूट'मध्ये लिटरला 12 ग्रॅमपेक्षा कमी साखर असते, तर 'एक्स्ट्रा ड्राय'मध्ये 12 ते 17 ग्रॅम, आणि गोडसर वाइन आधी घेतली की पुढची उगाच आंबट लागते. म्हणून क्रम साखरेनुसार लावावा की गाळावरील मुदतीनुसार?

बाटल्या कागदात गुंडाळून नावे झाकणार आहोत. उंच, अरुंद ग्लासात गंध नीट कळत नाही, त्यामुळे पांढऱ्या वाइनचे साधे ग्लास वापरण्याचा विचार आहे. पुण्या-मुंबईत चांगली फ्रांचाकोर्ता कोठे मिळते, हेही कोणी सांगितल्यास आभारी राहीन.