एसक्यूएल सर्व्हरचा ‘एसए’ पासवर्ड हाती नाही, डेटाबेसचा ताबा परत कसा मिळवावा?

धागाकर्ता:

नमस्कार. यंत्रांच्या सुट्या भागांचा घाऊक व्यापार करणाऱ्या कोल्हापुरातील एका पेढीत मी हिशेबाचे काम पाहतो. आमचे बिलिंग आणि स्टॉकचे सॉफ्टवेअर एसक्यूएल सर्व्हर 2014 एक्सप्रेस या मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेस सॉफ्टवेअरवर चालते. ज्या विक्रेत्याने ते बसवून दिले त्याने व्यवसाय गुंडाळला असून आता त्याचा फोनही लागत नाही. डेटाबेसच्या ‘एसए’ या मुख्य खात्याचा पासवर्ड केवळ त्याच्याकडेच होता. काउंटरवर बिले रोज निघतात, म्हणून मालकांना यात घाई करण्यासारखे काही वाटत नाही. परंतु सॉफ्टवेअरमध्ये बॅकअपची सोय नाही, सर्व्हरचा संगणक जुना झाला आहे आणि तो बंद पडला तर उधारीची सगळी खाती त्याच्याबरोबर जातील, ही धास्ती मला आहे. संगणक दुरुस्त करणारे एक गृहस्थ इंटरनेटवरचे पासवर्ड फोडण्याचे सॉफ्टवेअर चालवून पाहू म्हणतात. विंडोजचा अ‍ॅडमिनिस्ट्रेटर पासवर्ड मात्र आमच्याकडे आहे. कोणता मार्ग सुरक्षित ठरेल, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद 1:

विंडोजचा अ‍ॅडमिनिस्ट्रेटर पासवर्ड तुमच्याकडे आहे, म्हणजे काम जवळजवळ झालेच आहे. पासवर्ड फोडणारे कोणतेही सॉफ्टवेअर त्या संगणकावर येऊ देऊ नका. त्याची गरज नाही आणि त्यातून दुसरेच काही संगणकात शिरण्याचा धोका मोठा आहे. मायक्रोसॉफ्टने या प्रसंगासाठी अधिकृत वाट ठेवलेली आहे: सर्व्हर ‘सिंगल यूजर मोड’मध्ये, म्हणजे एका वेळी एकच जोडणी घेणाऱ्या स्थितीत सुरू केला, तर त्या संगणकाच्या अ‍ॅडमिनिस्ट्रेटर्स गटातील कोणताही सदस्य डेटाबेसमध्ये ‘सिसअ‍ॅडमिन’च्या, म्हणजे सर्वोच्च अधिकाराने प्रवेश करू शकतो. 2005च्या आवृत्तीत हा गट आपोआपच सिसअ‍ॅडमिन असे, 2008पासून तसे राहिले नाही, म्हणून ही पायरी घ्यावी लागते.

आधी मालकांची लेखी परवानगी घ्या. डेटा पेढीचा असला तरी ज्याच्या नावावर व्यवसाय आहे त्याच्या संमतीवाचून संगणकप्रणालीत शिरणे माहिती तंत्रज्ञान कायदा 2000च्या कलम 43 आणि 66च्या कक्षेत येऊ शकते, आणि तुम्ही पगारी नोकर आहात.

त्यानंतर दुकान बंद असताना एसक्यूएल सर्व्हरची सर्व्हिस थांबवा आणि डेटा फोल्डर जसेच्या तसे बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवून घ्या. सर्व्हिस चालू असताना या फाइली कुलूपबंद असतात व कॉपी होत नाहीत. 2014च्या एक्सप्रेसमध्ये हे फोल्डर सहसा प्रोग्राम फाइल्समध्ये ‘एमएसएसक्यूएल 12’ने सुरू होणाऱ्या नावाखाली सापडते. एमडीएफ (मूळ डेटा) आणि एलडीएफ (बदलांची नोंद) या दोन्ही प्रकारच्या फाइली हव्यात, लॉगिनची माहिती ठेवणाऱ्या ‘मास्टर’ डेटाबेसच्याही. ही नक्कल नीट झाल्याची खात्री होईपर्यंत पुढे एक पाऊलही टाकू नये, असे माझे ठाम मत आहे.

मग कमांड प्रॉम्प्ट ‘रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ निवडूनच उघडा, कारण साध्या पद्धतीने उघडल्यास विंडोज तुमचे अ‍ॅडमिनचे अधिकार बाजूला ठेवते. ‘नेट स्टार्ट’ने सर्व्हिस सुरू करताना, तिरक्या रेघेपाठोपाठ लहान लिपीतला ‘एम’ आणि त्याला जोडूनच मोठ्या लिपीत ‘एसक्यूएलसीएमडी’ असे लिहा. याने फक्त ‘एसक्यूएलसीएमडी’ या, कमांड प्रॉम्प्टमधून डेटाबेसला आज्ञा देण्याच्या साधनालाच आत येता येते. नंतर ‘एसक्यूएलसीएमडी’ विंडोजच्या ओळखीने, म्हणजे मोठ्या ‘ई’चा पर्याय देऊन चालवा, मालकांच्या विंडोज खात्यासाठी ‘क्रिएट लॉगिन’ करा आणि ‘ऑल्टर सर्व्हर रोल’ने त्याला सिसअ‍ॅडमिन गटात घाला. शेवटी सर्व्हिस थांबवून नेहमीच्या पद्धतीने सुरू करा.

‘एसए’चा पासवर्ड बदलण्याचा मोह मात्र आवरा. अशी छोटी सॉफ्टवेअर्स पुष्कळदा ‘एसए’च्याच नावाने डेटाबेसशी जोडलेली असतात आणि तो पासवर्ड त्यांच्या आत बसवलेला असतो. तुम्ही तो बदललात, की दुसऱ्या दिवशी सकाळी एकही काउंटर चालणार नाही.

धागाकर्ता:

सविस्तर मार्गदर्शनाबद्दल मनापासून आभार. मालकांनी परवानगी सही करून दिली आणि फाइलींची नक्कलही झाली. परंतु डेटाबेस हाताळण्याच्या मॅनेजमेंट स्टुडिओ या सॉफ्टवेअरमधून जोडू पाहिले, तर 18461 क्रमांकाची चूक येते आणि सर्व्हर सिंगल यूजर मोडमध्ये असून एकच अ‍ॅडमिनिस्ट्रेटर जोडू शकतो, असे सांगितले जाते. आम्ही तर कोणीच जोडलेलो नाही.

प्रतिसाद 2:

यात आपले काही चुकलेले नाही, फक्त साधन बदलावे लागेल. सर्व्हर सुरू करताना आपण ‘एसक्यूएलसीएमडी’चे नाव दिले असेल, तर मॅनेजमेंट स्टुडिओला तो दारातच अडवतो. नुसता ‘एम’ दिला असेल, तर काउंटरवरच्या एखाद्या संगणकाने ती एकुलती एक जागा पटकावली असण्याची शक्यता जास्त, कारण बिलिंगचे सॉफ्टवेअर उघडे राहिले असेल तर ते पुन्हा पुन्हा जोडणीचा प्रयत्न करत राहते. सर्व्हरची नेटवर्क केबल काढून ठेवा, सर्व्हिस पुन्हा सुरू करा आणि कमांड प्रॉम्प्टमधूनच आत जा. एक्सप्रेस नसलेल्या आवृत्त्यांत ठरलेली कामे आपोआप करणारा एसक्यूएल सर्व्हर एजंटही याच जागेवर बसतो. तिथे तो आधी थांबवावा लागतो.

धागाकर्ता:

प्रवेश मिळाला आणि पहिला पूर्ण बॅकअपही झाला. आता नव्या संगणकावर 2022 एक्सप्रेस घालून डेटाबेस तिथे न्यावा, असा विचार आहे. बिलिंगचे सॉफ्टवेअर ‘एसए’ वापरते का, हे कसे ओळखायचे? वापरत असेल, तर ठाऊकच नसलेला पासवर्ड नव्या सर्व्हरवर कसा ठेवायचा?

प्रतिसाद 1:

काउंटर चालू असताना मॅनेजमेंट स्टुडिओतील अ‍ॅक्टिव्हिटी मॉनिटर उघडा. कोणत्या संगणकावरून, कोणत्या प्रोग्रामने, कोणत्या लॉगिनने जोडणी केली आहे, हे तिथे एका ओळीत दिसते.

‘एसए’च असेल, तरी पासवर्ड माहीत असण्याची गरज नाही. सर्व्हर पासवर्ड स्वतः साठवत नाही, त्याची हॅश, म्हणजे त्यापासून गणिताने काढलेली खूण साठवतो, आणि सिसअ‍ॅडमिनला ‘लॉगिनप्रॉपर्टी’ या फंक्शनने ती हॅश वाचता येते. नव्या सर्व्हरवर ‘ऑल्टर लॉगिन’मध्ये पासवर्डच्या जागी तीच हॅश द्या आणि पुढे ‘हॅश्ड’ हा शब्द लिहा. जुना पासवर्ड तिथे जसाच्या तसा लागू होईल. नवा सर्व्हर मिक्स्ड मोडमध्ये, म्हणजे विंडोजच्या ओळखीखेरीज स्वतःचे पासवर्डही स्वीकारणाऱ्या स्थितीत बसवलेला असला पाहिजे, नाहीतर ‘एसए’ने मुळीच आत येता येत नाही. सॉफ्टवेअर दुसरेच एखादे लॉगिन वापरत असेल, तर ते हॅश आणि एसआयडी (लॉगिनचा अंतर्गत ओळख क्रमांक) यांसह नव्याने तयार करा, म्हणजे डेटाबेसमधला वापरकर्ता लॉगिनशी न जुळता अनाथ राहणार नाही.

2014चा बॅकअप 2022वर चढतो, परंतु 2022चा पुन्हा 2014वर उतरत नाही. म्हणून नव्या संगणकावर बिले, पावत्या आणि महिन्याचे अहवाल तपासून होईपर्यंत जुना संगणक मोडीत काढू नका. हे स्थलांतर लांबवूही नका, कारण 2014च्या आवृत्तीला मायक्रोसॉफ्टचा आधार 9 जुलै 2024 रोजी संपला आहे आणि तिला सुरक्षेच्या नियमित दुरुस्त्या आता मिळत नाहीत.

प्रतिसाद 3:

हिशेब तपासणीच्या बाजूने एक गोष्ट सांगतो. सिसअ‍ॅडमिनला कोणत्याही टेबलातील आकडा थेट बदलता येतो आणि त्याची नोंद बिलिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये होत नाही. आपली पेढी प्रायव्हेट लिमिटेड असेल, तर 1 एप्रिल 2023पासून हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाचा माग राहणे बंधनकारक आहे आणि लेखापरीक्षकाला त्यावर अभिप्राय द्यावा लागतो. त्यामुळे हे नवे खाते रोजच्या कामाला कधीही वापरू नका. बॅकअपसाठी कमी अधिकाराचे वेगळे लॉगिन करा, आणि अ‍ॅडमिनचा तपशील बंद पाकिटात, वर तारीख घालून, मालकांच्या तिजोरीत ठेवा.

हा धागा वाचून कोणी टॅलीसाठी असाच उपाय शोधत असेल, तर तिथे परिस्थिती वेगळी आहे. टॅलीव्हॉल्टचा, म्हणजे टॅलीतील डेटा कूटबद्ध करण्याच्या सोयीचा पासवर्ड हीच त्या कंपनीच्या डेटाची कूटकिल्ली असते आणि तो हरवल्यास परत मिळवण्याची सोय नाही.