मदत हवी आहे : मेक्सिकन क्रांतीतली चिकटलेली नोट

नमस्कार मंडळी, मी सांगलीचा. मेक्सिकोच्या क्रांतीत लोकांनी चांदीची नाणी दडवून ठेवली, मग एकेक सेनापती स्वतःच्या कागदी नोटा काढू लागला. क्रांतीतला सेनापती पांचो व्हिया याच्या ताब्यातल्या चिवावा राज्याची १९१४ ची 'दोन चेहऱ्यांची' एक पेसोची नोट माझ्याकडे आहे. चेहरे आहेत राष्ट्राध्यक्ष मादेरो आणि चिवावाचे गव्हर्नर अब्राहम गोन्सालेस यांचे. दोघांचीही १९१३ मध्ये हत्या झाली होती. फार जीव आहे माझा तिच्यावर.

२०१९ च्या पुरात कपाटाला ओल आली आणि नोट प्लास्टिकच्या पाकिटाला चिकटली. एका कोपऱ्याला पिवळट डाग पडलाय. ओढून काढायचा धीरच होत नाही. कागद न फाटता कशी सोडवू? शिवाय या नोटेच्या बनावट प्रती त्या काळीच सर्रास फिरत होत्या. खरी कशी ओळखायची? सांगली-मिरजेत कुणी जाणकार असेल तर नोट घेऊन लगेच येतो.