मदत हवी आहे: भूमिगत खाणीची वरची हद्द आखायची आहे, रेघ जुळेना (अर्जंट)

नवा_थिओडोलाइट: सावनेरकडच्या एका भूमिगत कोळसा खाणीचं सर्व्हेचं काम आलंय. खाणीमुळे वर बाधित होणाऱ्या जमिनीची हद्द नकाशावर टाकून शेतात खांब रोवायचे आहेत. कोपरे गूगल अर्थवर टाकले तर पूर्वेकडची रेघ सरळ शेजारच्या संत्र्याच्या बगीच्यात. मालक पाय ठेवू देईना. साहेबांना सोमवारी नकाशा हवा. कोणतं सॉफ्टवेअर वापरू? लवकर सांगा.

टेप_आणि_ओळंबा: क्यूजीआयएस वापर, फुकट आहे. पण दुखणं तिथं नाही. कोपरे कुठून घेतले? डेटम कोणता? खोली किती?

नवा_थिओडोलाइट: खाणीच्या जुन्या प्लॅनवरून, अजून कुठून घेणार बावा? यूटीएम झोन ४४. खोली १२० मीटर.

टेप_आणि_ओळंबा: यूटीएम हे प्रक्षेपण झालं, म्हणजे गोल पृथ्वी सपाट कागदावर उतरवायची रीत. डेटम म्हणजे मोजणीला धरलेला पृथ्वीचा आकार अन् त्याची जागा, तो वेगळा. जुना प्लॅन एव्हरेस्ट नावाच्या जुन्या डेटमवरचा असणार आणि गूगल अर्थ चालतं डब्ल्यूजीएस ८४ या नव्या डेटमवर. एवढ्यानं आपल्या भागात जागा शंभर मीटरच्या पुढे सरकते. प्लॅनवर खाणीचा स्वतःचा ग्रिड (मोजणीच्या चौकटी) असेल तर गोष्टच वेगळी. खाणीच्या सर्व्हे ऑफिसात मोजणीचे जुने स्तंभ विचार. तीन-चार जागेवर सापडले तर त्यांच्यावर डीजीपीएस (उपग्रहावरून नेमकी जागा मोजणारं यंत्र) लाव आणि अख्खा प्लॅन त्यांना बसवून घे.

ड्रोनभाऊ: काऊन एवढी मगजमारी? ड्रोन उडवा, हद्द फोटोतच दिसते. चंद्रपूरला खुल्या खाणीत आम्ही तसंच करतो.

टेप_आणि_ओळंबा: खुल्या खाणीत खड्डा दिसतो. इथं कोळसा १२० मीटर खाली अन् वर कापूस. फोटो कशाचा काढता, बोंडांचा?

ड्रोनभाऊ: जमीन बसली की उंचीच्या मॉडेलवर दिसते साहेब.

निवृत्त_ओव्हरमन: बसल्यावर दिसते. हद्द त्याआधी आखायची असते. पोरा, पिलर, म्हणजे छत तोलायला सोडलेले कोळशाचे खांब, काढणार आहेत का, हे तू सांगितलंच नाहीस. पिलर उभेच राहणार असतील तर बाधित जागा म्हणजे इनक्लाइनचं (खाणीत उतरायच्या तिरप्या वाटेचं) तोंड, पंखाघर, कोळशाचा ढीग, रस्ते, पाण्याच्या टाक्या. डिपिलरिंग करून, म्हणजे ते पिलर काढून, छत पाडणार असतील तर पॅनेलच्या (खाली कोळसा काढायच्या भागाच्या) कडेबाहेरही जमीन बसते. १२० मीटर खोलीला ड्रॉ अँगल (पॅनेलच्या कडेपासून वर जमीन बसते तिथवरच्या रेघेचा उभ्याशी कोन) २५ अंश धरला तर ५६ मीटर बाहेर, ३५ धरला तर ८४. कोन त्याच खाणीच्या जुन्या मोजणीवरून घे, नेटवरून नको. लीजची, म्हणजे खाणीला कोळसा काढायला दिलेल्या जागेची, रेघ आणखी वेगळी, तिच्या आत साडेसात मीटरपर्यंत खाली कोळसा काढायचा नसतो. साहेबांना यातली कोणती हवी?

नवा_थिओडोलाइट: पिलर काढणारच आहेत, जुनी खाण आहे. साहेबांना फोन करतो.

ओहायोचे_काका: अमेरिकेत १९७७ च्या कायद्याखाली नियम ८१७.११ आहे. भूमिगत खाणीची वरची कामं जिथं होणार, त्या जागेची कड काम सुरू होण्याआधी खुणांनी स्पष्ट दाखवावी लागते. खरवडून ठेवलेल्या सुपीक मातीच्या ढिगालाही पाटी लागते.

ड्रोनभाऊ: प्रश्न सावनेरचा आहे काका.

आंबिया_बहार: बगीचेवाल्याची बाजू कोणी मांडेल का? जमीन १९५७ च्या कोल बेअरिंग एरियाज कायद्याखाली घेतली असेल तर आधी राजपत्रातली अधिसूचना दाखवा, मग खांब आणा.

टेप_आणि_ओळंबा: बरोबर. बांधही त्याच्यासमोरच मोज. आपले जुने खसरा नकाशे (शेतांच्या हद्दींचे) १६ इंचाला एक मैल, म्हणजे कागदावरची अर्ध्या मिलिमीटरची रेघ शेतात दोन मीटर. तिथं डीजीपीएसचे सेंटिमीटर दाखवून भांडण मिटत नाही.

निवृत्त_ओव्हरमन: खांबांचंही ऐक. काळी माती उन्हाळ्यात फाटते, पावसात फुगते, वरवर रोवलेला खांब दोन पावसाळ्यांत तिरपा होतो. मुरूम लागेपर्यंत खणून तळाला काँक्रीट घाल, मधोमध सळई ठेव. आणि मे महिन्यातली प्रत्येक भेग सबसिडन्सची, म्हणजे खाणीमुळे जमीन बसल्याची, म्हणून नकाशावर टाकू नको. मातीच्या भेगा जाळीसारख्या रानभर असतात, खालच्या कामाच्या भेगा बहुधा पॅनेलच्या कडेला धरून लांब जातात.

नवा_थिओडोलाइट: साहेब म्हणाले, सबसिडन्सची रेघ हवी. पॅनेलचा प्लॅन मिळाला. कडेपासून सगळीकडे सारखे ५६ मीटर टाकू का?

निवृत्त_ओव्हरमन: सीम, म्हणजे कोळशाचा थर, सपाट आहे का? डिपकडे, म्हणजे थर उतरतो तिकडे, खोली वाढते, रेघही तिकडे जास्त बाहेर जाते. चारही कडांच्या खोल्या टाक इथं. आणि २५ अंशाचा कोन मी नुसता उदाहरणाला धरला होता रे.

आंबिया_बहार: खांबांसाठी झाडं तोडली तर भरपाई झाडागणिक की एकरानं?